नाशिकचं द्वारका ते कसारा: गाडी धावत असताना फोन काय करतो

घाटात कॉल तुटला की 'रेंज गेली' म्हणून आपण मोकळे होतो. पण नाशिक-मुंबई रस्त्यावरच्या कसारा घाटात आवाज बंद पडल्यावर थोडं पुढे, गाडी लावण्याजोग्या जागी थांबून पुन्हा फोन लावला, तर बहुतेक वेळा तो लागतो. म्हणजे रेंज होतीच, फक्त ती दुसऱ्या टॉवरची होती. कॉल तुटला तो पहिल्या टॉवरवरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेत. या जाण्याला हँडओव्हर म्हणतात. प्रवासात फोन जोडलेला राहतो तो या हँडओव्हरच्या जिवावर, आणि तुटतो तेव्हा बऱ्याचदा घोळही तिथेच झालेला असतो.

टॉवर एक, सेल अनेक

रस्त्याकडेचा टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा. त्यावर माणसाच्या उंचीच्या, चपट्या, उभ्या पेट्या दिसतात, ते खरे अँटेना. सहसा ते तीन दिशांना तोंड करून बसवलेले असतात, प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंश. एक दिशा आणि त्या दिशेतला एक फ्रिक्वेन्सी बँड मिळून एक सेल होतो. एकाच टॉवरवर एकाच कंपनीचे नऊ-बारा सेल असणं अगदी नेहमीचं आहे. टॉवरभोवती नुसती एक प्रदक्षिणा घातली तरी फोन दोन-तीनदा सेल बदलू शकतो. याच सांगाड्यावर गोल ढोलासारखी दिसणारी अँटेना आपल्या फोनसाठी नसते. ती पुढच्या टॉवरशी बोलते.

नाशिकच्या सीबीएस, कॉलेज रोड, पंचवटी अशा दाट भागात एक सेल काही शे मीटरांचा असतो. विल्होळी मागे पडली की तोच काही किलोमीटरांचा होतो. शहरात सेल लहान ठेवायचे ते लहरी पोचत नाहीत म्हणून नव्हे, तर माणसं जास्त म्हणून. एका सेलची क्षमता ठरलेली असते, ती जितक्यांत वाटाल तितकी प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. तीच फ्रिक्वेन्सी थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची ही युक्ती अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डग्लस रिंग यांनी १९४७ साली एका अंतर्गत टिपणात मांडली होती. चालत्या गाडीतला कॉल एका सेलमधून दुसऱ्यात आपोआप नेण्याइतकी हुशार यंत्रं तेव्हा नव्हती, त्यामुळे ती प्रत्यक्षात यायला काही दशकं गेली. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी.

फ्रिक्वेन्सीचा हिशोब एकदा समजून घेतला की पुढचं बरंच सोपं होतं. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून शिरतात, टेकडीच्या कडेवरून थोड्या वळतातही. १८०० आणि २३००च्या लहरींचा पल्ला त्याहून कमी. ५जीचा ३३०० मेगाहर्ट्झचा बँड आणखी आखूड, पण त्याची वाहतुकीची क्षमता मोठी. शहरात हे सगळे थर एकमेकांवर असतात. शहराबाहेर पडत गेलं की आखूड पल्ल्याचे थर आधी संपतात आणि शेवटी लांब पल्ल्याचा एखादाच उरतो.

फोन खिशात असतो तेव्हा

कॉल किंवा डेटा चालू नसताना हँडओव्हर होतच नाही. तेव्हा कोणत्या सेलवर बसायचं हे फोन स्वतः ठरवतो आणि बदलल्याचं नेटवर्कला कळवतही नाही. कळवत बसला तर दुपारपर्यंत बॅटरी संपेल. फोनचा रेडिओ बहुतेक वेळ झोपलेला असतो. साधारण १.२८ सेकंदांनी काही मिलिसेकंद जागा होतो, आपल्या नावाची हाक आली का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो.

मग कॉल आला तर नेटवर्कला फोन सापडतो कसा? अनेक सेलचा मिळून एक ट्रॅकिंग एरिया केलेला असतो आणि प्रत्येक सेल आपल्या एरियाचा क्रमांक सतत प्रसारित करत असतो. तो क्रमांक बदललेला दिसला की फोन जागा होऊन 'मी आता इकडे' एवढं कळवतो. त्यामुळे नेटवर्कला आपला नेमका सेल माहीत नसतो, फक्त एरिया माहीत असतो. कॉल आला की त्या एरियातल्या सगळ्या सेलमधून एकदम पुकारा होतो, फोन उत्तर देतो आणि मग घंटी वाजते. नंबर फिरवल्यावर रिंग ऐकू येईपर्यंत जे दोन-चार सेकंद जातात, त्यातला काही वेळ या शोधाशोधीचा.

घरच्यांच्या जिवाला घोर लावणाऱ्या दोन घोषणांचं गुपितही इथेच आहे. फोन बटण दाबून बंद केला तर तो बंद होण्याआधी नेटवर्कला तसं सांगून जातो, म्हणून समोरच्याला 'फोन बंद आहे' असं ऐकू येतं. हर्सूलच्या बाजूला एखाद्या खोऱ्यात गाडी उतरली आणि सिग्नल नाहीसा झाला, तर निरोप द्यायला फोनला संधीच मिळत नाही. नेटवर्कच्या लेखी तो अजून शेवटच्या एरियातच असतो. पुकारा होतो, उत्तर येत नाही, आणि 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' अशी घोषणा लागते. फोनने ठराविक काळाने हजेरी द्यायची असते, ४जीत मूळ मानकाप्रमाणे ५४ मिनिटांनी. तीही चुकली की मग नेटवर्क काही वेळाने त्याला गैरहजर मांडतं. म्हणून घोषणा कोणती लागली यावरून कुणाच्या खुशालीचा अंदाज बांधू नये. घोषणा कंपनी-कंपनीगणिकही थोड्या बदलतात.

कॉल चालू असताना

आता सूत्रं नेटवर्कच्या हातात जातात. फोन फक्त मोजतो आणि कळवतो, कुठे जायचं ते टॉवर ठरवतो.

सिग्नलच्या ताकदीचं मोजमाप डीबीएम या एककात असतं आणि आकडे उणे असतात. उणे ८० म्हणजे छान, उणे १०० म्हणजे काम चालेल, उणे ११५च्या खाली गेलं की रडकथा सुरू. या मोजपट्टीवर ३ने उतरलं की ताकद निम्मी होते आणि १०ने उतरलं की दहावा हिस्सा उरतो. उणे ९० आणि उणे ११० यांत शंभर पटींचा फरक आहे. स्क्रीनवर मात्र तो दोन काड्यांचा दिसतो, आणि कोणत्या आकड्याला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. त्यामुळे दोन फोनांच्या काड्यांची तुलना करून 'तुझी कंपनी चांगली, माझी वाईट' असा निकाल लावण्यात अर्थ नसतो.

२जीच्या कॉलमध्ये फोन दर ४८० मिलिसेकंदांनी आजूबाजूच्या सर्वांत जोरदार सहा सेलचे आकडे पाठवत राहतो. ४जीत तो अट पूर्ण झाली की कळवतो. नमुन्याची अट अशी: शेजारचा सेल सध्याच्या सेलपेक्षा ३ डीबीने (याच मोजपट्टीवर ३ने) सरस झाला आणि सलग ३२० मिलिसेकंद सरसच राहिला, तर सांग. हे दोन्ही आकडे कंपनीचे इंजिनिअर जागेप्रमाणे बदलतात. ३ डीबीची अट नसती तर दोन सेलच्या सीमेवर उभा असलेला फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारत बसला असता. थांबण्याची अट नसती तर बाजूने एक ट्रक गेला तरी टॉवर बदलला असता.

फोनचा अहवाल पोचला की जुना टॉवर नव्याला थेट विचारतो, एक कॉल येतोय, जागा आहे का? नवा टॉवर जागा राखतो आणि फोनने आल्यावर कोणता संकेत द्यायचा ते कळवतो. ४जीच्या सेलमध्ये असे ६४ संकेत असतात, त्यातला एक या फोनसाठी बाजूला ठेवला जातो. जुना टॉवर हा निरोप फोनला देतो. फोन जुन्याला सोडतो, नव्या सेलशी सूर जुळवतो आणि ठरलेला संकेत देतो. त्यावरून नवा टॉवर अंतर ओळखतो. रेडिओलहरीला एक किलोमीटर जायला ३.३ मायक्रोसेकंद लागतात, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट, आणि तेवढं आधी बोलायला लांबच्या फोनला सांगावं लागतं, नाहीतर त्याचं बोलणं दुसऱ्याच्या वेळेत घुसतं. ही दुरुस्ती मिळाली की फोन 'आलो' म्हणतो. मधल्या काळात जुन्या टॉवरकडे आलेले आवाजाचे तुकडे तो नव्याकडे ढकलत असतो.

फोन कुणाशीच जोडलेला नसतो असा मधला काळ साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांचा. ४जीवरच्या कॉलमध्ये आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात. म्हणजे फार तर दोन-तीन तुकडे उशिरा येतात किंवा हरवतात, आणि समोरचा फोन आधीच्या आवाजावरून ती फट बुजवून टाकतो. कानाला काही कळत नाही.

३जीत हे वेगळ्या पद्धतीने व्हायचं. पालखी चालती ठेवून खांदा बदलतात तसं, नवा खांदा लागल्याशिवाय जुना काढायचा नाही. फोन एकाच वेळी दोन-तीन सेलशी जोडलेला असायचा. त्यात सुरक्षितता होती, पण एका कॉलसाठी दोन-तीन ठिकाणची जागा अडायची. ४जीने ती चैन सोडली आणि अदलाबदल इतकी झटपट केली की मधे क्षणभर पालखी कुणाच्याच खांद्यावर नसली तरी चालतं.

डेटाचं काय? टॉवर बदलला तरी फोनचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, बदलत नाही. तो टॉवरवर नसतो, खूप आत, कंपनीच्या गेटवेवर, म्हणजे इंटरनेटशी जोडणाऱ्या यंत्रावर, बांधलेला असतो. म्हणून चालत्या गाडीत व्हॉट्सॲप कॉल टिकतो. याउलट घरचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर येताना पत्ताच बदलतो. 'बोलत बोलत खाली उतरलो आणि पार्किंगमध्ये कॉल अडकला' त्यामागे हे कारण असतं. वायफाय अर्धमेलं झालं तरी फोन त्याला काही सेकंद चिकटून राहतो, त्याने ते आणखी बिघडतं. निघायच्या आधी वायफाय बंद करा, मग कॉल लावा.

वेगाचा फारसा दोष नाही

'गाडी जोरात होती म्हणून तुटला' असं सर्रास म्हटलं जातं. हिशोब करून पाहू. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. ३२० मिलिसेकंदांच्या प्रतीक्षेत गाडी जेमतेम ११ मीटर पुढे जाते, आणि सेल असतो किलोमीटरांचा. वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते तीही १८०० मेगाहर्ट्झवर या वेगाला सुमारे २०० हर्ट्झ. ४जीचा सिग्नल अनेक बारीक उपवाहकांत वाटलेला असतो आणि दोन शेजारच्या उपवाहकांमधलं अंतर १५,००० हर्ट्झ आहे, त्यात हे २०० सहज खपून जातात. ४जीची रचना ताशी ३५० किलोमीटरपर्यंतचा वेग धरून केलेली आहे. आपल्या गाड्या त्याच्या जवळपासही नाहीत.

घाटात नेमकं काय होतं

वर सांगितलेल्या क्रमात एक बारीक गोष्ट आहे. नव्या सेलकडे जा हा निरोप जुन्या टॉवरकडूनच यावा लागतो.

सरळ रस्त्यावर, वाडीवऱ्हे ते घोटीच्या पट्ट्यात, जुना सिग्नल सावकाश उतरतो, नवा सावकाश चढतो आणि मधे दोन्ही बऱ्यापैकी ऐकू येतात असा लांब पट्टा मिळतो. तिथे अहवाल, विचारणा, निरोप हे सगळं आरामात उरकतं. घाटात डोंगराचा खांदा मधे येतो. वळण घेतल्यावर जुन्या टॉवरची दृष्टिरेषा तुटते आणि दोन सेकंदांत सिग्नल २०-२५ डीबीने, म्हणजे शंभर ते तीनशे पटींनी, कोसळतो. ताशी ४०च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे अवघे २२ मीटर. त्याच वेळी दरीपलीकडचा नवा टॉवर ठणठणीत दिसायला लागतो. फोन अहवाल पाठवतो, पण तो जुन्या टॉवरला नीट पोचत नाही. किंवा पोचतो, नवा टॉवर जागाही राखून ठेवतो, आणि परतीचा निरोप फोनला ऐकू येत नाही. नवा सेल समोर असताना फोन जुन्याच्या निरोपाची वाट पाहत राहतो.

यानंतर घड्याळ सुरू होतं. सिग्नल वाचताच येत नाही असं ठराविक वेळा झालं की फोन एक टायमर लावतो, साधारण एक सेकंदाचा. तेवढ्यात जुना सेल परत ऐकू आला तर ठीक. नाही आला तर फोन धागा तुटल्याचं मान्य करतो, स्वतः सर्वांत जोरदार सेल शोधतो आणि तिथे जाऊन 'मी अमक्या कॉलमधला' म्हणून दार ठोठावतो. त्या सेलला या फोनची माहिती आधीच मिळालेली असेल तर कॉल एक-दोन सेकंदांत पुन्हा जुळतो. 'हॅलो... हॅलो... हां, बोला' हा घाटातला संवाद म्हणजे हेच. माहिती नसेल तर कॉल गेला.

म्हणून घाटात 'हॅलो' म्हणून लगेच लाल बटण दाबू नये. चार-पाच सेकंद थांबावं, बऱ्याचदा आवाज परत येतो.

इंजिनिअर यावर उपाय करतात. घाटाच्या पट्ट्यात ३२० ऐवजी कमी मिलिसेकंद ठेवायचे, ३ डीबीऐवजी एक, आणि वळणाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दिसेल असा एखादा लहान सेल बसवायचा. पण काही चुका आकडे बदलून सुटत नाहीत. प्रत्येक टॉवरकडे शेजाऱ्यांची यादी असते. नवा टॉवर उभा राहिला आणि यादीत चढलाच नाही, तर फोन कितीही कळवो, जुना टॉवर त्याला तिकडे धाडू शकत नाही. आता ही यादी बरीचशी आपोआप भरते, तरी गफलती होतात. दुसरी गफलत क्रमांकांची. ४जीत सेल ओळखायला फक्त ५०४ क्रमांक आहेत, ते पुन्हा पुन्हा वापरावे लागतात. डोंगराळ भागात लांबचा सेल अनपेक्षितपणे ऐकू येतो आणि त्याचा क्रमांक जवळच्या एखाद्या सेलचाच असेल, तर टॉवर फोनला भलत्याच पत्त्यावर पाठवतो. रोज त्याच वळणावर, त्याच दिशेने जाताना कॉल तुटत असेल तर संशय हवेवर घेण्याआधी असल्या गोष्टींवर घ्यावा.

बोगद्याचं गणित वेगळं. बाहेरचा सिग्नल आत थोड्याच अंतरात मरतो. समृद्धीवरचा इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे ८ किलोमीटर लांब आहे, ताशी १००ने गेलं तरी त्यात जवळपास पाच मिनिटं जातात. एवढ्या वेळ वाट पाहणारा टायमर कोणत्याच नेटवर्कमध्ये नाही. लांब बोगद्यात कॉल टिकवायचा तर आतच अँटेना लावावे लागतात किंवा भिंतीलगत एक खास केबल टाकावी लागते. तिच्या आवरणाला मुद्दाम चिरा ठेवलेल्या असतात आणि तिच्या सबंध लांबीतून सिग्नल झिरपत राहतो. तोंडापाशी आतला सिग्नल मुद्दाम थोडा बाहेरही येऊ देतात, म्हणजे गाडी आत शिरण्याआधीच हँडओव्हर उरकतो. बोगद्यात जीपीएसही मिळत नाही. पण जीपीएसचा मोबाइल नेटवर्कशी संबंध नाही, ते उपग्रहांकडून थेट ऐकलं जातं. त्यामुळे घाटात रेंज नसली तरी आकाश मोकळं असेल तर नकाशावरचा निळा ठिपका चालतच राहतो.

काड्या भरलेल्या, तरी बोलणं तुटक

याचं सोपं उदाहरण उड्डाणपूल. द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा हा पट्टा पुलाखालून गेलात तर इमारती लांबच्या टॉवरना अडवतात आणि फोनला जवळचे दोन-तीन सेलच दिसतात. त्याच पट्ट्यात पुलावरून जा, अडसर कमी होतात आणि सात-आठ सेल सारख्याच जोराने ऐकू येऊ लागतात. कुणीच ठळक नाही. सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असल्याने प्रत्येक सेल बाकीच्यांसाठी गोंगाट ठरतो. शिवाय शहरातले अँटेना रस्त्यावर नेम धरून खाली झुकवलेले असतात, त्यांचा मुख्य झोत पुलाखालीच जातो.

कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, हाच प्रकार टोकाला जातो. काड्या पूर्ण आणि कॉल लागत नाही, लागला तर कुरकुरतो. तिथून इतके टॉवर दिसतात की स्पष्ट असा एकही उरत नाही. माथ्यावरून फोन लावायचा असेल तर कड्याच्या आड, एका बाजूचंच दिसेल अशा जागी बसावं. डोंगरानेच निम्मा गोंगाट अडवला की कॉल बरा लागतो. गंगापूर धरणाच्या पाण्यालगत याच्या उलट अडचण येऊ शकते. पाण्यावर अडथळे नसल्याने पैलतीरावरचा दूरचा सेल जवळचा वाटतो. फोनला तो ऐकू येतो, पण फोनचा आवाज त्याला धड पोचत नाही. टॉवरची ताकद कित्येक वॉटची, ४जी फोनची जास्तीत जास्त ०.२ वॉट.

इंटरनेटचं तिसरंच दुखणं. घोटीच्या पुढे काड्या चार आणि व्हिडिओ गोल फिरतोय, असं दिसलं तर फोन बहुधा ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या थरावर आलेला असतो. सिग्नल दणकट, पण रुंदी कमी, आणि रस्त्यावरचे सगळे त्याच अरुंद वाटेवर. इथे नेटवर्क बदलून उपयोग होत नाही. व्हिडिओचा दर्जा उतरवावा.

रेल्वे

रेल्वेत एक भर पडते. सगळे एकदम सरकतात. पंचवटी एक्सप्रेस एरियाची सीमा ओलांडते तेव्हा डब्याडब्यांतले शेकडो फोन काही सेकंदांच्या आत 'मी आता इकडे' म्हणून हजेरी लावतात. त्या एका सेलवर क्षणात रांग लागते. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना १:३७चा (३७ मीटरला एक मीटर) चढ चढण्यासाठी कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात. गाडी थांबली की सगळे एकदम फोन काढतात, आणि गावाच्या गरजेपुरता उभा केलेला सेल गुदमरतो. एसी डब्याचं लोखंड आणि लेप दिलेली काच १० ते २० डीबी सहज खातात. दाराजवळच्या जागेत सिग्नल बरा मिळतो, पण उघड्या दारात उभं राहून बोलू नये हे सांगायला नको.

पावसाळा

मोबाइलच्या लहरींना पावसाचं फारसं सोयरसुतक नसतं. पण इगतपुरीच्या धो धो पावसात टॉवर-टॉवरमधल्या ढोलांची पंचाईत होते. ते १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी वापरत असतील तर मुसळधार पावसाने त्या विरतात. डोंगराळ भागात टॉवर साखळीने जोडलेले असले की एक दुवा तुटल्यावर पुढचे सगळे मुके होतात. मग काड्या दिसतात आणि काहीच चालत नाही. दुसरं कारण वीज. टॉवरवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, नंतर डिझेल जनरेटर, आणि दरड पडून रस्ता बंद झाला तर डिझेल पोचत नाही.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

गुगल मॅप्समध्ये वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टिचकी मारून 'ऑफलाइन मॅप्स'मध्ये जा आणि नाशिकपासून ठाण्यापर्यंतचा चौकोन उतरवून ठेवा. तेवढ्यावर गाडीचा रस्ता दिसतो, वाहतूक कोंडी दिसत नाही. फास्टॅगला आपल्या फोनची रेंज लागत नाही, टोलनाक्यावरची यंत्रणा काचेवरची पट्टी रेडिओने वाचते. पैसे कापल्याचा मेसेज तेवढा उशिरा येईल. भंडारदरा किंवा हरिहरच्या बाजूला जाताना मात्र रोख रक्कम जवळ असू द्या, यूपीआयने पैसे देणाऱ्याला सहसा नेट लागतं.

लांबच्या प्रवासात कॉल महत्त्वाचा असेल तर सेटिंग्जमध्ये पसंतीचं नेटवर्क ५जीवरून ४जीवर आणून ठेवा. भारतात ५जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि शहराबाहेर त्याची सलगता तुटक आहे. सीमेवर फोन ५जी धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्यात बॅटरीही खातो. ४जीही संपलं तर कंपनीकडे २जी असल्यास चालू कॉल तिकडे उतरवता येतो. जिओकडे २जी-३जी नाहीच, तिथे ४जी-५जी संपलं की कॉलही संपतो.

दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवणं शहाणपणाचं, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. अनेकदा दोन कंपन्यांचे अँटेना एकाच सांगाड्यावर आणि एकाच जनरेटरवर असतात. दोन सिमच्या बहुतेक फोनांत एकावर बोलताना दुसरं तात्पुरतं बंद पडतं, हेही लक्षात असू द्या.

रेंज नसलेल्या खोऱ्यात तासभर राहणार असाल तर फ्लाइट मोड लावा. सेल शोधत राहणारा फोन बॅटरी झपाट्याने संपवतो. खोऱ्यातून वर आल्यावर फोन निपचितच असेल तर हाच फ्लाइट मोड दहा सेकंद लावून काढा. लांब वेळ काही न सापडल्यावर फोन शोधाच्या फेऱ्या विरळ करतो, त्याला असं हलवून जागं करावं लागतं. स्क्रीनवर 'फक्त आणीबाणीचे कॉल' दिसलं तर आपल्या कंपनीचा सेल नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे. ११२ तिथूनही लावून पाहावा, आणीबाणीच्या कॉलला फोन मिळेल तो सेल धरतो.

काड्यांऐवजी खरा आकडा बघायचा असेल तर अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीची स्क्रीन उघडते. हे काम शेजारी बसलेल्याने करावं, चालकाने नव्हे.

आणि तक्रार करायची तर १९८ वर. 'घाटात रेंज नाही' एवढ्या वाक्यावर कुणी काही करू शकत नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा, नाशिककडून मुंबईकडे की उलट, वेळ, स्क्रीनवर २जी, ४जी की ५जी होतं, आणि आवाज आधी तुटक होऊन कॉल गेला की एकदम, एवढं सांगा. आधी तुटक झाला तर सिग्नलच विरत होता. चांगला चालता चालता एकदम गेला आणि रोज तिथेच जात असेल, तर बहुधा शेजाऱ्यांची यादी किंवा हँडओव्हरचे आकडे तपासावे लागतील. ती दुरुस्ती नवा टॉवर न उभारता, ऑफिसात बसून होते. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. पहिल्या उत्तराने समाधान झालं नाही तर तोच तक्रार क्रमांक देऊन कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं.